साध्या काविळीत यकृत अचानक बंद कसं पडतं?

देवगडजवळच्या एका गावातून एका दादांनी विचारलं आहे: “माझा चुलतभाऊ 26 वर्षांचा. गणपतीच्या आधी ताप, उलट्या आणि मग कावीळ झाली. गावातच औषध चालू होतं. दहाव्या दिवशी बडबडायला लागला, अकराव्या दिवशी बेशुद्ध. कोल्हापूरला नेलं तेव्हा लिव्हर फेल झालंय म्हणाले. दुसऱ्या दिवशी गेला. दारूला तो शिवतही नव्हता. लिव्हर असं अचानक कसं बंद पडतं? आधी नेलं असतं तर वाचला असता का?”

दादा, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो प्रश्न तुमच्या घरात रोज कुणीतरी कुणाला तरी विचारत असणार. बडबड सुरू व्हायच्या दोन-तीन दिवस आधी तो मोठ्या, यकृत प्रत्यारोपणाची सोय असलेल्या रुग्णालयात पोचला असता, तर वाचण्याची शक्यता नक्की वाढली असती. वाचलाच असता, असं मात्र कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. घरच्यांनी हयगय केली असंही मला वाटत नाही. विषाणूंच्या काविळीचे बहुतेक सगळे रुग्ण पेज खाऊन आणि विश्रांती घेऊन बरे होतात, आणि हेच आपण पिढ्यान्‌पिढ्या बघत आलोय. शंभरातल्या एखाद्याचं, कधी त्याहूनही कमी जणांचं, यकृत बंद पडतं. तो एक जण वेळेत कसा ओळखायचा हे घरच्यांना कुणी सांगितलेलं नसतं. म्हणून उत्तर जरा लांबणार आहे.

आधी धडधाकट असलेलं यकृत काही दिवसांत किंवा आठवड्यांत निकामी होतं, रक्त गोठण्याची तपासणी बिघडते (आयएनआर 1.5 किंवा त्यापुढे) आणि मेंदूवर परिणाम दिसू लागतो. या गोष्टी एकत्र आल्या की आम्ही त्याला ‘अक्यूट लिव्हर फेल्युअर’ म्हणतो. दारूने वर्षानुवर्षं खराब होत गेलेलं यकृत शेवटी कोलमडतं, तो आजार वेगळा आणि त्याचे उपचारही वेगळे. त्यामुळे “दारू पीत नाही, मग लिव्हरचं काय होणार” या समजुतीवर विसंबू नका. मी पाहिलेले असे रुग्ण बहुतेक तरुण होते आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी दारूचा थेंबही घेतलेला नव्हता.

आता रिपोर्टकडे बघू, कारण सगळ्यात जास्त गल्लत तिथेच होते. कावीळ झाली की घरचे बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) आणि एसजीपीटी हे दोनच आकडे विचारतात. समजा पहिल्या रिपोर्टमध्ये एसजीपीटी 3200, बिलिरुबिन 11 आणि आयएनआर 1.7 आहे. चार दिवसांनी एसजीपीटी 600 वर आला, बिलिरुबिन 19 झालं आणि आयएनआर 3.8. घरात आनंद होतो, “बत्तीसशेवरून सहाशेवर आलं, औषध लागू पडलं.” खरं तर हा रिपोर्ट भीतिदायक आहे. एसजीपीटी हे यकृताच्या पेशींमधलं द्रव्य. पेशी फुटल्या की ते रक्तात येतं. फुटायला पेशीच उरल्या नाहीत तरीही तो आकडा खाली येतो. यकृत काम करतंय की नाही, ते आयएनआर सांगतो. रक्त गोठवणारे घटक यकृत रोज नव्याने बनवतं, आणि त्यातला सातवा घटक तर काही तासांतच संपत जातो. म्हणून यकृताने काम थांबवलं की आयएनआर एका दिवसात वर चढतो. अल्ब्युमिन हे यकृतातच बनणारं प्रथिन मात्र रक्तात आठवडे टिकतं, त्यामुळे सुरुवातीला ते नॉर्मलच दिसतं. एसजीपीटी उतरताना बिलिरुबिन आणि आयएनआरसुद्धा उतरले, तर सुधारणा. एसजीपीटी उतरला आणि ते दोन चढले, तर त्याच दिवशी हलवायचं.

कावीळ झालेल्या प्रत्येकाची आयएनआर तपासणी पहिल्याच भेटीत व्हावी, आणि उलट्या थांबत नसतील, भूक मेली असेल तर एक-दोन दिवसांआड पुन्हा व्हावी, असा माझा आग्रह आहे. तालुक्याच्या बऱ्याच लॅबमध्ये ती होते. साधी, कमी खर्चाची तपासणी आहे. चिठ्ठीत लिहिली नसेल तर तुम्ही आपणहून मागा.

मेंदूची लक्षणं तर घरच्यांनाच सगळ्यात आधी कळतात. सुरुवात झोपेपासून होते. एका माउलीने मला सांगितलं होतं, “रात्रभर बडबडता आणि दिवसभर निजता.” निदान त्या एका वाक्यातच होतं. शांत माणूस चिडचिडा होतो, मोबाइलचा पॅटर्न विसरतो, शंभरातून सात वजा करायला सांगितले की अडखळतो, सही वाकडी यायला लागते. मग दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वाकवायला सांगितलं तर ते मधूनच खाली गळतात, पुन्हा वर येतात. ही दुसरी पायरी. तिसऱ्या पायरीवर तो झोपलेला असतो, हाक मारली की उठतो, काहीतरी असंबद्ध बोलतो आणि पुन्हा झोपतो. चौथ्यावर उठत नाही. पहिल्या पायरीवरून चौथीवर जायला कधीकधी एक दिवसही पुरतो. या टप्प्यावर बडबडणाऱ्या माणसाला बाहेरची बाधा झाली म्हणून देवस्कीकडे नेतात, किंवा त्याला शांत करण्यासाठी झोपेचं इंजेक्शन दिलं जातं. दोन्हींत मोलाचे तास जातात, आणि इंजेक्शनने तर बेशुद्धी गडद होते.

असं का होतं? आतड्यात तयार होणारा अमोनिया यकृत साफ करत असतं. यकृत थांबलं की तो रक्तातून मेंदूत पोचतो, तिथल्या पेशी पाणी ओढून घेतात आणि मेंदूला सूज येते. कवटी तर ताणत नाही. तरुण रुग्णांत बऱ्याचदा जीव जातो तो या सुजेमुळे; बाकीच्यांत जंतुसंसर्ग आणि एकेक अवयव बंद पडत जाणं यांमुळे. एक गोष्ट ऐकायला उलटी वाटेल. काविळीनंतर आठवड्याच्या आत मेंदूवर परिणाम दिसला, तर सुजेचा धोका जास्त असतो, पण यकृत आपलं आपण सावरण्याची शक्यताही जास्त. हेच पाच-सहा आठवडे रेंगाळून झालं, तर सूज कमी, पण प्रत्यारोपणाशिवाय वाचणं फार कठीण.

कारणांत आपल्याकडे पहिला नंबर विषाणूंचा. हेपटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून येतात, आणि पावसाळा हा त्यांचा हंगाम. कोकणात जांभ्याच्या थरातून पाणी झरझर खाली उतरतं. विहीर आणि शौचालयाचा शोषखड्डा जवळजवळ असले, तर वरून नितळ दिसणाऱ्या पाण्यातही हे विषाणू असू शकतात. ई विषाणूने किती मोठी साथ येऊ शकते, हे दिल्लीने 1955-56 मध्ये पाहिलं. यमुनेचं सांडपाणी मिसळलेलं पाणी शहरात गेलं आणि सुमारे 29,000 लोकांना कावीळ झाली. तेव्हा ते ए विषाणूचं मानलं गेलं. साठवलेल्या नमुन्यांवरून पुढे कळलं की तो ई होता.

गरोदर बाईसाठी हाच ई विषाणू जीवघेणा ठरतो. शेवटच्या तीन महिन्यांत तो झाला, तर शंभरातल्या पंधरा ते पंचवीस जणी दगावतात असं दिसून आलेलं आहे. शिवाय गरोदरपणाचेच दोन आजार यकृत बंद पाडतात, यकृतात अचानक चरबी साठणं आणि रक्तदाबाशी जोडलेला ‘हेल्प’ नावाचा आजार. त्यांवर मुख्य उपाय म्हणजे तातडीने प्रसूती करणं. म्हणून गरोदर बाईला कावीळ दिसली, की ती कितीही सौम्य वाटो, त्याच दिवशी रुग्णालयात. यात मी कुणाचं ऐकत नाही, अगदी सासूबाईंचंही नाही.

हेपटायटिस बी रक्तातून, असुरक्षित संबंधांतून आणि आईकडून बाळाला होतो. त्यावर टेनोफोव्हिर, एन्टेकॅव्हिर ही औषधं आहेत. राष्ट्रीय व्हायरल हेपटायटिस नियंत्रण कार्यक्रम 2018 मध्ये सुरू झाल्यापासून बी आणि सी यांची तपासणी आणि औषधं सरकारी यंत्रणेत मोफत मिळतात.

दुसरं कारण सांगताना मला त्रास होतो, पण ते सांगायलाच हवं. ते म्हणजे उंदराचं औषध. भाताच्या कणगीसाठी, माळ्यावरच्या उंदरांसाठी बहुतेक घरांत ते असतं. रागाच्या भरात ते तोंडात जातं. कधी लहान मुलाच्या हाती लागतं, आणि ट्यूबमधलं मलम टूथपेस्ट समजून वापरल्याचेही प्रकार झाले आहेत. ट्यूबमधल्या मलमात पिवळा फॉस्फरस असतो. त्याची चाल फसवी आहे. पहिल्या दिवशी उलट्या, पोटात आग, तोंडाला लसणासारखा वास. मग एक-दोन दिवस रुग्ण अगदी ठीक दिसतो, जेवतो, हसतो, आणि घरचे डिस्चार्ज मागतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कावीळ, रक्तस्राव, बेशुद्धी. या विषावर उतारा नाही. म्हणून तो मधला ठीक दिसण्याचा काळ हीच मोठ्या केंद्राकडे न्यायची वेळ. काय खाल्लं त्याचं वेष्टन रुग्णाबरोबर न चुकता आणा, कारण औषधं वेगवेगळी असतात. काळपट पूड असेल तर बहुधा झिंक फॉस्फाइड. ते आधी हृदय कमकुवत करतं आणि रक्तदाब पाडतं. रंगीत वडी असेल तर बहुधा ब्रोमाडायोलोन. त्यातही आयएनआर खूप चढतो, पण यकृत शाबूत असतं आणि के जीवनसत्त्वाने माणूस बरा होतो. एकाच आकड्याची ही दोन कारणं वेष्टन समोर असलं की लगेच सुटी करता येतात. घरातलं कुणी मनाने खचलेलं असेल तर हे सामान घरात ठेवूच नका. ‘टेली-मानस’ या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

औषधांमध्ये क्षयरोगाच्या गोळ्या सगळ्यात महत्त्वाच्या. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड या तिन्हींनी यकृताला सूज येऊ शकते. बहुतेकांना काही होत नाही आणि क्षय बरा व्हायला त्या हव्यातच. पण गोळ्या चालू असताना सतत मळमळ, उलटी, अन्नावरची वासना जाणं, गडद लघवी यांतलं काही झालं, तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जाऊन एसजीपीटी, बिलिरुबिन आणि आयएनआर करा. डॉक्टर गोळ्या थांबवतात, यकृत शांत झालं की एकेक करून पुन्हा सुरू करतात. “कोर्स मोडायचा नाही” म्हणून कावीळ होऊनही गोळ्या घेत राहिलेले रुग्ण वाचवणं अवघड जातं.

पॅरासिटामॉल हे इंग्लंड-अमेरिकेतलं पहिल्या क्रमांकाचं कारण. आपल्याकडे कमी, पण पावसाळी तापात धोका असतोच. 650 ची गोळी दर चार तासांनी, वर सर्दीची गोळी, वर अंगदुखीची. तिन्हींत तेच औषध असतं. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसाला 4 ग्रॅम ही कमाल मर्यादा. उपाशी असेल, दारू पीत असेल, किंवा आधीच कावीळ असेल तर त्याहून बरीच कमी. जादा डोस गेल्याचं कळलं, तर लक्षणांची वाट बघू नका. एन-अॅसिटिलसिस्टीन हा उत्तम उतारा आहे, आणि पहिल्या आठ तासांत दिला तर यकृत जवळजवळ नक्की वाचतं.

गावठी औषधांबद्दल मी नेहमी सौम्यपणे बोलतो, कारण देणाराही आपलाच माणूस असतो आणि बहुधा पैसेही घेत नाही. कावीळ उतरवणं, गळ्यातली माळ, चुन्याच्या पाण्यात हात धुणं यांनी यकृताला इजा होत नाही, फक्त वेळ जातो. पोटात जाणारं औषध आणि नाकात टाकायचे थेंब यांची मला काळजी वाटते, कारण त्यात काय आहे ते मला कळत नाही आणि सुजलेल्या यकृतावर तो बोजा पडतो. ‘झाडपाल्याने अपाय होत नाही’ हे खरं नाही. कोविडच्या काळात लोकांनी गुळवेलीचे काढे महिनोन्‌महिने घेतले, आणि 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी त्यानंतर यकृताला सूज आलेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला होता. माझं मत सरळ आहे: अंगात कावीळ असताना कोणताही काढा नको.

उरलेली कारणं थोडक्यात. विल्सनच्या आजारात शरीरात तांबं साठतं. पोरसवदा वयात कावीळ आणि जोडीला पंडुरोग दिसला, की त्याचा विचार करावा लागतो. शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटते, हे बायकांमध्ये जास्त. नागिणीच्या कुळातल्या हर्पीस विषाणूंचाही क्वचित हल्ला होतो. रानातली अनोळखी अळंबी खाऊन सहा-बारा तासांनी जुलाब-उलट्या झाल्या तर उरलेला तुकडा घेऊन या. आणि सगळ्या तपासण्या करूनही कारण न सापडणारे रुग्ण असतातच.

कोकणात एक फरक मात्र पक्का करावा लागतो. लावणीच्या दिवसांत चिखलात उभ्या राहिलेल्या माणसाला ताप, पोटऱ्यांत ठणका, लाल डोळे, कमी झालेली लघवी आणि कावीळ असेल, तर तो बहुधा लेप्टो, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस असतो. त्यात बिलिरुबिन वीसच्या वर गेलं तरी एसजीपीटी शंभर-दोनशेच्या आसपास, आयएनआर जवळपास नॉर्मल आणि शुद्ध बहुधा शाबूत. पेनिसिलिन किंवा सेफ्ट्रिअॅक्सोन लवकर सुरू केलं, गरजेला डायलिसिस दिलं, तर यातले बरेच जण पायांनी चालत घरी जातात. डेंग्यू आणि मेंदूचा मलेरियाही असाच चकवा देतात, म्हणून तापाबरोबर कावीळ असली की या तिन्हींच्या तपासण्या हव्यातच.

आता उपचार. यकृत स्वतःला पुन्हा घडवू शकतं. त्याला तेवढा अवधी मिळावा म्हणून बाकीचं शरीर आणि मेंदू सांभाळणं, हा अतिदक्षता विभागाचा सगळा उद्योग. कारणावर औषध असेल तर ते लगेच. एन-अॅसिटिलसिस्टीन आम्ही पॅरासिटामॉल नसलं तरी देतो. मेंदूचा परिणाम पहिल्या-दुसऱ्या पायरीवर असताना त्याचा फायदा 2009 च्या अमेरिकन अभ्यासात दिसला, पुढच्या पायऱ्यांवर दिसला नाही. साखर दर एक-दोन तासांनी बघायची, कारण यकृतातला साठा संपलेला असतो आणि साखर कधीही कोसळते. डोकं 30 अंश वर. रक्तातलं सोडियम 145 ते 150 च्या घरात, गरजेला मेंदूची सूज उतरवणारं मॅनिटॉल. तिसऱ्या पायरीवर श्वासनलिकेत नळी. अमोनिया खूप चढला तर किडनी ठीक असतानाही संथ गतीचं सततचं डायलिसिस. प्लाझ्मा (रक्तातला पातळ भाग) बदलण्याचा उपायही आता बऱ्याच केंद्रांत होतो. 2016 च्या युरोपातल्या अभ्यासात त्याने जगण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि उंदराच्या औषधाच्या रुग्णांत आपल्याकडे तो वापरला जातो. रक्तस्राव नसताना फक्त आकडा सुधारण्यासाठी प्लाझ्माच्या पिशव्या चढवू नयेत. त्याने आयएनआर खोटा सुधारतो आणि प्रत्यारोपण हवं की नको हे ठरवण्याची खूणच हरवते.

यातून यकृत सावरणार नाही असं दिसलं, तर प्रत्यारोपण. ते ठरवायला लंडनच्या किंग्ज कॉलेजचे निकष आणि दिल्लीच्या एम्सने बनवलेलं एक गुणांकन वापरतात, आयएनआर 6.5 च्या पुढे जाणं ही त्यातली मोठी धोक्याची खूण. मेंदूमृत दात्याच्या यकृतासाठी अशा रुग्णाला प्रतीक्षायादीत वर घेतात, पण हाती बऱ्याचदा दोन-तीनच दिवस असतात. म्हणून आपल्याकडे बहुतेक वेळा घरातलाच कुणी यकृताचा भाग देतो. दात्याचं यकृत काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा वाढतं. शस्त्रक्रिया मोठी असते आणि तिचा थोडा धोका दात्यालाही असतो, हे लपवून कुणाला तयार करू नये. आई-वडील, भाऊ-बहीण, पती-पत्नी, मुलं, आजी-आजोबा, नातवंडं हे कायद्याने जवळचे नातेवाईक. चुलतभाऊ त्यात बसत नाही. त्याला समितीची परवानगी लागते. खाजगीत खर्च वीस-पंचवीस लाखांच्या घरात जातो. धर्मादाय रुग्णालयांतल्या राखीव खाटा आणि मुख्यमंत्री सहायता निधी यांची चौकशी समाजसेवा विभागात पहिल्याच तासाला करा.

आपल्या भागात यापुढचा प्रश्न रस्त्याचा. सिंधुदुर्गातून गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाला, रत्नागिरीतून आंबा घाटाने कोल्हापूरला नाहीतर थेट मुंबई-पुण्याला. पावसात दरड कोसळली की करूळसारखा घाट बंद. बेशुद्ध रुग्णाला नळीशिवाय गाडीत घालून वळणांचा घाट चढवणं फार धोक्याचं आहे. उलटी फुप्फुसात जाते. म्हणून मी आयएनआर 1.5 च्या वर दिसला आणि तो चढता असला, की रुग्ण बोलता-चालता असतानाच मोठ्या केंद्राला फोन लावतो. निघताना ग्लुकोजची सलाइन चालू, झोपेचं काहीही नाही, आणि गाडीत साखर तपासायचं यंत्र. रुग्णाबरोबर रक्तगट जुळणारे दोन जवळचे धडधाकट नातेवाईक, सगळ्यांची आधार कार्डं आणि रेशन कार्ड. नात्याचा कागद आणायला पुन्हा देवगडला माणूस पाठवण्यात एक आख्खा दिवस जातो.

तुमच्या भावाच्या कागदांत ए, ई आणि बी या तपासण्या झाल्या होत्या का, ते बघा. बी असेल तर घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि लागण न झालेल्यांना लस. ए किंवा ई असेल, किंवा कागदच नसेल, तर ज्या विहिरीचं पाणी तो प्यायचा त्यात हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर या हिशोबाने ग्रामपंचायतीकडून शुद्धीकरण करून घ्या, आणि पिण्याचं पाणी उकळूनच प्या. शोषखड्डा विहिरीपासून 15 मीटरच्या आत असेल तर तो हलवावा लागेल. जांभ्यात त्याहून जास्त अंतर हवं. ए आणि ई दोन्हींची लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत दोन महिने जाऊ शकतात. तेवढ्या काळात घरात किंवा शेजारच्या वाडीत कुणाची भूक मेली, लघवी गडद झाली, तर पहिल्याच दिवशी एसजीपीटीबरोबर आयएनआर करून घ्या. त्यातली कुणी गरोदर असेल, तर बाळंतपणाची तारीख किती लांब आहे हे न बघता तिला त्याच दिवशी रुग्णालयात न्या.